व्हायरल लोड उतरायचा थांबला, म्हणजे औषध हरलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरले भाऊ, वय ४१, हिपॅटायटिस बी, ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण असलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह, सिरोसिस (यकृत व्रणांनी कायमचं घट्ट होणं) नाही. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल ३०० मिग्रॅ, रोज एक गोळी, नऊ महिने झाले. व्हायरल लोड, म्हणजे एक मिलि रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सुरुवातीला ४,८०,००,०००, तीन महिन्यांनी ५२,०००, सहा महिन्यांनी २,१०० आणि आता, नवव्या महिन्यात, दुसऱ्या लॅबकडून १४,६००. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) १४२ वरून ३८ वर आलं आहे. घरच्यांच्या मते लोड सातपट वाढला. औषध बदलायचं की बंद करून दुसरं काही बघायचं, असा वाद चालू आहे. सोबत आत्याबाईंचा प्रश्न आहे: हिपॅटायटिस सी चा १२ आठवड्यांचा कोर्स १२ मार्चला संपला, मधे चौथ्या आठवड्यात रिपोर्टमध्ये थोडा व्हायरस दिसला होता आणि अँटिबॉडी अजूनही पॉझिटिव्ह येते आहे.

आधी गोळीचं. ती बंद करू नका, वाद मिटेपर्यंत तर अजिबात नाही. बी मध्ये टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर अचानक थांबवलं की काही आठवड्यांत ते महिन्यांत विषाणू उसळतो, आणि त्या उसळीत काहींचं यकृत निकामी होतं. नुसत्या १४,६०० या आकड्याने तसं काही होत नाही.

आता तो १४,६०० नीट बघा. नवव्या महिन्याच्या रिपोर्टवर आकड्याच्या पुढे 'कॉपीज प्रति मिलि' लिहिलेलं आहे. आधीचे तिन्ही आकडे 'आययू प्रति मिलि' मध्ये आहेत. आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून ते ठरवलं गेलं. हिपॅटायटिस बी मध्ये एक आययू म्हणजे यंत्रानुसार ५ ते ६ कॉपीज. ५.६ ने भागलं तरी घरगुती हिशोबाला पुरतं: १४,६०० भागिले ५.६ म्हणजे साधारण २,६००. म्हणजे २,१०० वरून २,६००. सातपट वगैरे काही नाही.

मग २,१०० वरून २,६०० ही तरी वाढ आहे का? नाही. व्हायरल लोडची चाचणी साखरेच्या चाचणीसारखी काटेकोर नसते. एकाच बाटलीतलं रक्त एकाच यंत्रावर दोनदा लावलं तरी आकडे दीडपट-दुप्पट पुढेमागे होतात, आणि लॅब बदलली की आणखी. म्हणून हे आकडे लॉगमध्ये वाचायचे असतात; एक लॉग म्हणजे दहापट. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की 'लॉग'चं बटण दिसतं. ४,८०,००,००० चा लॉग ७.६८. ५२,००० चा ४.७२. २,१०० चा ३.३२. २,६०० चा ३.४१. अर्ध्या लॉगच्या, म्हणजे सुमारे तिपटीच्या आतला फरक हा फरकच धरायचा नाही. इथे तो ०.०९ आहे.

लॉग नकोसा वाटत असेल तर अंक मोजा. चार कोटी ऐंशी लाख आठ अंकी, बावन्न हजार पाच अंकी, एकवीसशे चार अंकी. एक अंक गळाला की एक लॉग उतरला, असं ढोबळमानाने धरता येतं. तीन महिन्यांत तीन अंक गेले, म्हणजे हजारातले नऊशे नव्याण्णव विषाणू रक्तातून गेले. ही उत्तम सुरुवात आहे. नंतरच्या तीन महिन्यांत १.४ लॉग आणखी उतरले. नंतरच्या तीन महिन्यांत मात्र काहीच नाही. घरात वाद व्हायचाच असेल तर तो या सपाट तिमाहीवर व्हावा, आणि तिथेही पहिला संशय औषधावर घ्यायचा नसतो.

रेषा अशी का वाकते ते समजलं तर पुढचं सोपं जातं. रक्तातला बी चा विषाणू फार दिवस टिकत नाही. त्याचा अर्धा साठा साधारण एका दिवसात निघून जातो, आणि यकृतातल्या बाधित पेशी नवा माल सतत ओतत असतात. टेनोफोव्हिर हे ओतणं अडवतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आकडा कड्यावरून पडल्यासारखा पडतो. त्यानंतर उतार मंदावतो, कारण आता वेग ठरतो तो बाधित पेशी किती सावकाश मरतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी किती सावकाश येतात यावर. पेशीच्या केंद्रकात विषाणूचा एक गोलाकार डीएनए दडून बसलेला असतो. त्याला मोदकाचा साचा समजा. औषध मोदक वळणारे हात धरून ठेवतं, साचा मात्र फळीवर तसाच राहतो. हात सोडले की दुसऱ्या दिवशीपासून मोदक सुरू. गोळी थांबवल्यावर उसळी का येते, याचं उत्तर तेच. एचबीएसएजी म्हणजे पृष्ठभागाचं प्रथिन. ते थेट त्या साच्यावरून बनतं आणि औषध ज्या पायरीवर काम करतं ती पायरी त्याला लागतच नाही. म्हणून व्हायरल लोड शून्यावर आला तरी एचबीएसएजी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. 'लोड गेला पण एचबीएसएजी जात नाही, म्हणजे औषध खोटं' हा निष्कर्ष त्यामुळेच चुकतो. गोळ्यांवर एचबीएसएजी जाणं हे वर्षाला शंभरात एखाद्याच्या नशिबी, किंवा त्याहूनही कमी.

आता कोणत्या टप्प्यावर किती उतार अपेक्षित, ते सांगतो.

तिसऱ्या महिन्यात एक लॉगही उतरला नसेल तर त्याला प्राथमिक अपयश म्हणतात. टेनोफोव्हिर-एन्टेकाव्हिरच्या काळात हे इतकं दुर्मीळ आहे की असा रिपोर्ट आला तर पहिला प्रश्न 'गोळी पोटात जाते आहे का' हाच असतो. अडेफोव्हिर हे जुनं औषध होतं तेव्हा हे बऱ्याचदा खरोखर औषधाचं अपयश असे. तुमच्या भावांचा या टप्प्यावर तीन लॉग उतार आहे, तेव्हा हा मुद्दा मिटला.

सहाव्या महिन्याला एकेकाळी फार वजन होतं. लॅमिव्ह्युडिन आणि टेल्बिव्ह्युडिन या औषधांना विषाणू सहज दाद देईनासा होतो. लॅमिव्ह्युडिनवर पाच वर्षं राहिलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांमध्ये प्रतिकार तयार होत असे. तेव्हा २००७ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने 'रोडमॅप' मांडला: २४ व्या आठवड्यात लोड ६० आययूच्या खाली असेल तर चालू ठेवा, ६० ते २,००० च्या मध्ये असेल तर जपून, २,००० च्या वर असेल तर दुसरं औषध जोडा किंवा बदला. विचार बरोबर होता, कारण विषाणू जितका वेळ औषधाच्या धाकात राहून छपाई करत राहतो तितकी त्याला निसटण्याची वाट सापडते. पण तो नियम कमकुवत औषधांसाठी होता. आजही काही जुन्या पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून तो '२,००० चा नियम' टेनोफोव्हिरला लावला जातो. तुमच्या भावांचे २,१०० बघून कुणी औषध बदला म्हटलं असेल तर ते तिथूनच आलं असणार. टेनोफोव्हिरच्या मूळ चाचण्यांत आठ वर्षांच्या पाठपुराव्यातही त्याला प्रतिकार सापडला नव्हता. अशा औषधासाठी सहाव्या महिन्याचा आकडा उतार चालू आहे की नाही एवढंच सांगतो.

बारावा महिना खरा. गोळ्या नियमित घेऊनही वर्षानंतर लोड मोजण्याजोगा राहिला तर त्याला अंशतः प्रतिसाद म्हणतात. त्यातही सुरुवात कुठून झाली ते बघावं लागतं. टेनोफोव्हिरच्या मुख्य चाचण्यांत ४८ आठवड्यांनी ४०० कॉपीजच्या, म्हणजे सुमारे ६९ आययूच्या, खाली आलेले ई-निगेटिव्ह रुग्ण ९३ टक्के होते, ई-पॉझिटिव्ह ७६ टक्के. म्हणजे ई-पॉझिटिव्हमधल्या दर चारांतला एक जण वर्षाच्या शेवटीही मोजण्याजोग्या लोडवर होता, आणि त्यांतले बहुतेक पुढच्या वर्षांत त्याच गोळीवर खाली आले. पावणेपाच कोटींवरून निघालेल्या माणसाकडून पाच हजारांवरून निघालेल्याइतक्या लवकर तळ गाठण्याची अपेक्षा ठेवू नये. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं तर ९६ आठवड्यांनंतरच 'चिकाटीने टिकलेला विषाणू' असा शब्द वापरतात. वर्षाच्या टप्प्यावर लोड २,००० च्या खाली आणि उतरता असेल, सिरोसिस नसेल, तर त्याच औषधावर थांबणं योग्य. सिरोसिस असलेल्या माणसाला ही सवलत नाही. तिथे थोडाही लोड नको असतो आणि औषध बदलण्याचा किंवा जोडण्याचा विचार लवकर होतो.

आता ती सपाट तिमाही. सहा ते नऊ महिन्यांत रेषा आडवी राहिली, तर हे सगळं क्रमाने तपासा.

गोळ्या मोजा. भावांना विचारू नका, मोजा. नऊ महिन्यांच्या सुमारे २७० गोळ्या, म्हणजे तीसच्या नऊ बाटल्या. रिकाम्या बाटल्या, बिलं किंवा सरकारी केंद्रावरच्या कार्डावरच्या नोंदी काढा. सात बाटल्यांचाच हिशोब लागला तर निदान झालं. एखादी गोळी चुकल्याने काही बिघडत नाही, पण आठवड्यातून दोन-तीन चुकू लागल्या की आलेख नेमका असाच सपाट होतो. एसजीपीटी नॉर्मल झालं, थकवा गेला, माणूस कामाला लागला की गोळी मागे पडते; सहाव्या महिन्यानंतर हे सर्रास होतं, आणि त्यात दोष देण्यापेक्षा दात घासण्याच्या ब्रशशेजारी बाटली ठेवणं जास्त उपयोगाचं. मात्र तिचं झाकण घट्ट लावा आणि आतली सिलिकाची पुडी काढून टाकू नका. टेनोफोव्हिरच्या गोळ्या ओल धरतात. आठवड्याचे खण असलेल्या प्लास्टिकच्या डबीत कोकणातल्या पावसाळ्यात त्या ठेवणं चांगलं नाही.

मग गोळी कशी घेतात ते बघा. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल जेवणाआधी-नंतर कसंही चालतं. नवीन प्रकार, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड २५ मिग्रॅ, जेवणासोबत घ्यावा लागतो. एन्टेकाव्हिर याच्या उलट: जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. नाश्त्याबरोबर घेतलं तर शोषण जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटतं, आणि चिठ्ठीवर 'सकाळी एक' एवढंच लिहिलेलं असतं म्हणून कितीतरी जण ते पोह्यांबरोबरच गिळतात. अलाफेनामाइडवर असताना क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन सुरू झालं तर त्याची रक्तातली पातळी पडते. टीबीचं औषध दुसऱ्याच डॉक्टरने सुरू केलेलं असतं, आणि यकृताच्या डॉक्टरला ते सांगायचं राहून जातं.

मग मागचा इतिहास. आधी कधी लॅमिव्ह्युडिन घेतलं होतं का? 'दहा वर्षांपूर्वी काविळीसाठी सहा महिने काहीतरी गोळ्या' हे उत्तर महत्त्वाचं आहे. ज्यांना पूर्वी काहीच दिलेलं नाही त्यांच्यात एन्टेकाव्हिरला प्रतिकार पाच वर्षांत सुमारे एक टक्का; लॅमिव्ह्युडिन निष्फळ ठरलेल्यांमध्ये तोच निम्म्यावर जातो. टेनोफोव्हिरला या इतिहासाने फारसा फरक पडत नाही, म्हणून अशा रुग्णांना मुळात टेनोफोव्हिरच द्यायचं असतं. आणि एचआयव्हीची चाचणी झाली आहे ना, हेही एकदा फाइलमध्ये बघा. दोन्ही असतील तर बी साठीची एकटी गोळी एचआयव्हीला त्या औषधाविरुद्ध तयार करून ठेवते. ती चाचणी उपचार सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवी होती.

हे सगळं ठीक निघालं तर काय करायचं? काही नाही. तीच गोळी, आणि बाराव्या महिन्यात पहिल्याच लॅबमध्ये पुन्हा चाचणी.

खरी धोक्याची खूण वेगळी असते. गाठलेल्या सर्वांत खालच्या आकड्याहून एक लॉग, म्हणजे दहापट वर जाणं, आणि दुसऱ्या नमुन्यातही तेच येणं. तुमच्या भावांचा तळ २,१०० आहे, म्हणजे २१,००० आययू ओलांडल्याशिवाय 'धोका' हा शब्द वापरायचा नाही; कॉपीजमध्ये ते सव्वा लाखाच्या आसपास होतं. एकदा लोड 'आढळला नाही' पर्यंत पोहोचल्यावर मात्र १०० आययूसुद्धा दखल घेण्याजोगा. अशी वाढ आली तर एका महिन्याच्या आत दुसरा नमुना द्या. तोपर्यंत एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहू नका: आधी विषाणू वर जातो आणि एसजीपीटी त्याच्या मागून आठवड्यांनी, कधी महिन्यांनी चढतं. दोनदा व्हायरल लोड करण्याऐवजी एसजीपीटीवर भागवणं म्हणूनच फसवं.

एक उलटं चित्रही ओळखता यावं. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत लोड भराभर उतरतोय आणि एसजीपीटी मात्र अचानक दोनशे-तीनशेवर गेलं, असं होतं. बहुतेक वेळा ही शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण असते आणि अशांमध्ये ई-अँटिजेन जाण्याची शक्यता वाढते. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढत नसतील तर लक्ष ठेवून गोळी चालू ठेवायची. घाबरून बंद केली तर चांगली चाललेली लढाई मध्येच सोडल्यासारखं होतं.

आणि लोड शून्य, तरी एसजीपीटी वरच? तेव्हा बी ला सोडून दुसरीकडे बघा: चरबीयुक्त यकृत, दारू, आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी अज्ञात भुकटी, क्वचित डेल्टा विषाणू (बी च्या आधारानेच वाढणारा दुसरा विषाणू). पन्नाशीकडे झुकलेल्या, पोट सुटलेल्या आणि साखर वाढलेल्या माणसात चरबी हे उत्तर इतकं वारंवार निघतं की सोनोग्राफी आधी करावी.

लॅबबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं. हिरव्या झाकणाच्या हिपॅरिन नळीतलं रक्त पीसीआरला, म्हणजे लोड मोजण्याच्या पद्धतीला, चालत नाही. हिपॅरिन त्या अभिक्रियेतच अडथळा आणतं आणि आकडा खोटा कमी येतो. प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग) काही तासांत वेगळा करून थंड ठेवायला हवा. बी चा डीएनए तसा दणकट असतो, सी चा आरएनए (त्या विषाणूचं जनुकीय द्रव्य) नाही. तालुक्याच्या गावातून दुपारी घेतलेली नळी न विलगता रात्रीच्या एसटीने शहरात गेली, तर सी चा रिपोर्ट खोटा कमी येऊ शकतो. नमुना घेताना 'प्लाझ्मा इथेच वेगळा करणार का' एवढं विचारलं तरी पुरतं. उपाशीपोटी जायची गरज नाही.

रिपोर्टवरच्या शब्दांत तीन पायऱ्या असतात. आकडा लिहिलेला असेल तर तो मोजला गेला. '२० पेक्षा कमी, आढळला' म्हणजे विषाणू आहे, पण मोजता येत नाही इतका थोडा. 'आढळला नाही' म्हणजे त्या यंत्राला काहीच दिसलं नाही. दुसरी आणि तिसरी पायरी बी च्या रुग्णात व्यवहारात सारखीच चांगली. महिनाआड एकदा दुसरी, एकदा तिसरी येत राहिली तर त्यात चढउतार शोधू नका. वरच्या टोकालाही एक खाच आहे: काही यंत्रांची मर्यादा १७ कोटी आययू आहे. सुरुवातीचा रिपोर्ट '१७ कोटींहून जास्त' असा असेल तर खरी सुरुवात कुठून झाली ते कळत नाही, आणि तीन महिन्यांचा उतार प्रत्यक्षाहून कमी दिसतो. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा मोजून घ्यावा लागतो. लॅबला हे सांगावं लागतं, आपणहून क्वचितच करतात. आणि कितीही स्वस्त पडत असलं तरी मध्येच लॅब बदलू नका. बदललीच तर पद्धतीचं नाव आणि एकक दोन्ही रिपोर्टवरून लिहून ठेवा. आता जिल्हा पातळीवर टीबीसाठी आलेल्या जीनएक्सपर्ट आणि ट्रूनॅट यंत्रांवरही बी-सी चा लोड होतो; त्यातलं ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं आहे. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून चाचणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. खर्चामुळे चाचणी लांबत असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

चाचणी किती वेळा? आढळेनासा होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी, बरीच वर्षं स्थिर असेल तर वर्षातून एकदा. दर महिन्याला केल्याने काहीही कळत नाही, फक्त घरात चिंता वाढते. त्याच्या जोडीने टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिलवर असलेल्यांचं क्रिएटिनिन आणि फॉस्फरस, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायला. बिघडू लागलं तर अलाफेनामाइड किंवा एन्टेकाव्हिर. चाळिशी ओलांडलेल्या आपल्याकडच्या पुरुषांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मी सुचवतो, लोड शून्य असला तरी. लोड उतरल्याने यकृताच्या कर्करोगाचा धोका घटतो, संपत नाही.

भावांसाठी पुढचा टप्पा ई-अँटिजेन जाऊन त्याची अँटिबॉडी येणं हा आहे. ते कधी होईल ते व्हायरल लोडच्या आकड्यावरून सांगता येत नाही. सुरुवातीचं एसजीपीटी जास्त होतं ही त्यांची जमेची बाजू. ते झाल्यावर आणि लोड आढळेनासा झाल्यावरही किमान एक वर्ष गोळी चालू ठेवतात, मगच थांबवण्याची चर्चा. बरेच डॉक्टर तेव्हाही थांबवत नाहीत, आणि माझंही मत तिकडेच झुकतं. थांबवलेल्यांपैकी अनेकांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते, आणि पहिलं वर्ष दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला येण्याची शिस्त फार थोड्यांकडे असते.

पेगिलेटेड इंटरफेरॉन घेणाऱ्यांसाठी हिशोब वेगळा. दर आठवड्याला १८० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, ४८ आठवडे. त्यात १२ व्या आठवड्यात खरंच भाकीत करता येतं, आणि ते व्हायरल लोडबरोबर एचबीएसएजीचं प्रमाण मोजून. आपल्याकडे आढळणाऱ्या डी जनुकप्रकाराच्या ई-निगेटिव्ह रुग्णात १२ आठवड्यांत एचबीएसएजी मुळीच घटलं नाही आणि डीएनएही दोन लॉग उतरला नाही, तर पुढची ३६ इंजेक्शनं वाया जाणार हे जवळजवळ नक्की, थांबवायचं.

आता आत्याबाई. सी चा विषाणू वेगळ्या घडणीचा आहे. त्याचा साचा केंद्रकात ठेवलेला नसतो, त्यामुळे तो पूर्ण जाऊ शकतो. त्याची उलाढालही अफाट: १९९८ मध्ये मांडलेल्या गणितानुसार रक्तातल्या विषाणूचं अर्धआयुष्य सुमारे २.७ तास आणि रोजचं उत्पादन एकावर बारा शून्यं इतकं. हे उत्पादन अडलं की आकडा काही दिवसांत कोसळतो. इंटरफेरॉन-रिबाव्हिरिनच्या काळात या कोसळण्याचा वेगच सगळं सांगायचा: चौथ्या आठवड्यात विषाणू गेला तर यशाची शक्यता भरपूर, १२ व्या आठवड्यात दोन लॉगही उतरला नाही तर इंजेक्शनं बंद, २४ व्या आठवड्यात दिसला तरी बंद. चौथ्या आठवड्याच्या रिपोर्टने तुम्हाला बसलेला धक्का त्याच काळाचा वारसा आहे.

सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीच्या गोळ्यांवर ते नियम लागू होत नाहीत. चौथ्या आठवड्यात थोडा आरएनए दिसणं आणि शेवटी बरं होणं यांत म्हणण्यासारखा संबंध सापडलेला नाही. आजच्या चाचण्या विषाणूचे मेलेले तुकडेही पकडतात. म्हणून त्या आकड्यावरून कोर्स वाढवायचा नाही की थांबवायचा नाही, आणि माझ्या मते चौथ्या आठवड्यात ती चाचणी करायचीच नाही, गोळ्या चुकताहेत असा संशय नसेल तर. यश आधी ठरतं ते सिरोसिस आहे का, पूर्वी उपचार फसला होता का, कोणता जनुकप्रकार आहे, यावर. आपल्याकडे जनुकप्रकार ३ जास्त, आणि सिरोसिससोबत तोच सर्वांत हट्टी. त्यांना दिलेला १२ आठवड्यांचा सोफोसबुव्हिर ४०० आणि डाक्लाटासव्हिर ६० हा कोर्स सिरोसिस नसलेल्यांसाठीचा आहे. फायब्रोस्कॅन (यकृत किती घट्ट झालं ते मोजणारी चाचणी) झालेला नसेल तर तो आता करून घ्या, कारण सिरोसिस असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुटत नाही.

अँटिबॉडी जन्मभर पॉझिटिव्ह राहील. ती विषाणू येऊन गेल्याची नोंद आहे, असल्याची नाही. तिच्यावर पुन्हा पैसे घालवू नका. शस्त्रक्रियेआधी कुणी ती केली आणि पॉझिटिव्ह आली तर आरएनएचा रिपोर्ट दाखवायचा, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. सी च्या गोळ्या सुरू करण्याआधी एचबीएसएजी तपासलं होतं का हेही पाहा. दोन्ही असलेल्यांमध्ये सी दबला की बी उसळतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल ठळक इशारा दिला होता. तपासलं नसेल तर आता एसजीपीटीसोबत ते करा.

कोर्स संपला त्या दिवशीचा 'आढळला नाही' हा रिपोर्ट पुरेसा नाही. विषाणू परतायचा असेल तर बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच परततो. म्हणून आरएनए मोजायचा तो शेवटच्या गोळीनंतर १२ आठवडे पूर्ण झाल्यावर. १२ मार्चपासून ८४ दिवस मोजले की ४ जून येतो. त्यानंतर आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर चालेल, आधी नको. जांभळ्या झाकणाची नळी, सी चा आरएनए, संख्यात्मक, आणि प्लाझ्मा तिथेच वेगळा करणारी लॅब.